‘मनसेने मतं खाल्ली’ म्हणजे नक्की काय?

‘महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या बदलत्या भूमिका : एक चिकित्सक अभ्यास.’ या धाटणीचा सिनॉप्सिस तुमच्याही नजरेखालून गेला असेल. कदाचित तुम्ही स्वतःच लिहीत असाल. सांगाडा ठरलेला. पहिल्या प्रकरणात ९ मार्च २००६ची स्थापना, दुसऱ्यात राज ठाकरे यांचं नेतृत्व, मधे भाषणांचे उतारे आणि शेवटी निष्कर्ष : भूमिकेत सातत्य नसल्यामुळे जनाधार घटला. वर्तमानपत्री विश्लेषणातही हेच असतं, फक्त तिथे ‘सातत्याचा अभाव’ऐवजी ‘कोलांटउडी’ म्हणतात.

मी पक्ष्यांवर काम करते, पक्षांवर नाही. एका ‘य’चा फरक. पण तलावाच्या काठावर दुर्बीण घेऊन मोजायला बसलं की जे तीन प्रश्न टाळता येत नाहीत, तेच इथे सर्रास टाळलेले दिसतात. आपण नक्की काय मोजतोय? कुठे उभं राहून मोजतोय? आणि हा घटक तिथे नसताच, तर काय झालं असतं? पेटच्या मुलाखतीत तुम्हालाही हे विचारतील, विषय कुठलाही असो. म्हणून हे उदाहरण घेतलंय. मनसेची बाजू घेणं किंवा तिला झोडपणं हा इथे हेतू नाही. ती कामं करणारे पुष्कळ आहेत.

पहिला प्रश्न. ‘भूमिका बदलली’ म्हणजे काय बदललं?

या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात : पक्ष कशासाठी बोलतो, कोणाबरोबर उभा राहतो आणि कोणावर तुटून पडतो. मुद्दा, मित्र आणि शत्रू. या तिघांच्या वेगवेगळ्या रांगा मांडून बघा. २०१४च्या लोकसभेला मनसेने पंतप्रधानपदासाठी नरेंद्र मोदींना पाठिंबा जाहीर केला आणि त्याच वेळी मोदींच्या मित्रपक्षाविरुद्ध, म्हणजे शिवसेनेविरुद्ध, उमेदवार उभे केले. मित्र बदलला का? हो. शत्रू? मुळीच नाही. २०१९च्या लोकसभेला एकही उमेदवार न देता ‘लाव रे तो व्हिडिओ’च्या सभा झाल्या. शत्रू नवा, पण मित्र कोण ते शेवटपर्यंत कागदावर आलं नाही. २३ जानेवारी २०२०ला जुना बहुरंगी झेंडा बाजूला ठेवून राजमुद्रेचा भगवा झेंडा आला आणि हिंदुत्व पुढे आलं. मुद्दा बदलला, पण त्या दिवशी कुणाशी युती झाली नाही. ९ एप्रिल २०२४च्या गुढीपाडव्याला महायुतीला बिनशर्त पाठिंबा, आणि सातच महिन्यांनी विधानसभेला त्याच महायुतीसमोर स्वतःचे उमेदवार. मग ५ जुलै २०२५ला वरळीत दोन भाऊ एका व्यासपीठावर आले ते हिंदीसक्तीच्या मुद्द्यावर, म्हणजे मराठीचा जुना मुद्दा परत आला. आणि २४ डिसेंबरला उद्धव ठाकरे यांच्या पक्षाशी युती जाहीर झाली.

या तीन रांगा एकाच वेळी हलत नाहीत. हे साधं निरीक्षण केलं की ‘सातत्य नाही’ हा निष्कर्ष डळमळतो, कारण कुठल्या रांगेत सातत्य नाही ते सांगावं लागतं. ‘उजवा पक्ष’ या शिक्क्याचंही तेच आहे. २००८च्या रेल्वे भरती परीक्षेच्या वेळचं आंदोलन भाषा आणि प्रांतावर उभं होतं, २०२२चं भोंग्यांचं धर्मावर. दोन्हीला आपण ‘उजवं’ म्हणतो, पण पहिल्यातला ‘परका’ आणि दुसऱ्यातला ‘परका’ एकच माणूस नाही. डेटाशीटमध्ये दोघांना एकच कोड दिलात तर बदल दिसणारच नाही, आणि वेगळे कोड दिलेत तर बदलाशिवाय काही दिसणार नाही. कोणता कोड का दिला, हे प्रकरण तीनमध्ये लिहा. निम्मा प्रबंध तिथेच आहे.

मग येतं लाडकं स्पष्टीकरण : संधिसाधूपणा. याची मुख्य अडचण अशी की ते कधी चुकतच नाही. सत्तेबरोबर गेले तर संधी साधली, विरोधात गेले तर वेगळी संधी शोधली. जी परिकल्पना कुठल्याही निरीक्षणाने खोटी ठरू शकत नाही, ती परिकल्पना नव्हे, शेरा आहे. तिला चाचणीला लावायचं तर आधी व्याख्या करा. समजा, ‘जिंकण्याची शक्यता ज्याची जास्त, त्याच्याकडे जाणे’ ही व्याख्या. मग २०१९ची लोकसभा लगेच आडवी येते. आणि स्थापनेपासून आजवर या पक्षाला राज्य मंत्रिमंडळात एकही खुर्ची मिळालेली नाही. संधिसाधू म्हणायचं तर फारच तोट्यातला व्यापारी म्हणावा लागेल!

‘ऑगस्ट २०१९मध्ये ईडीने चौकशीला बोलावलं आणि त्यानंतर सूर बदलला’ हे दुसरं स्पष्टीकरण. घटनाक्रम खरा आहे, पण क्रम म्हणजे कारण नव्हे. त्याच दोन वर्षांत लोकसभेचा निकाल लागला, शिवसेनेने भाजपची साथ सोडली, काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार बनवलं आणि हिंदुत्वाच्या बाजूला एक जागा रिकामी झाली. चार कारणं एकाच वेळी हजर असताना एकाचंच नाव घ्यायला वेगळा पुरावा लागतो. एकाच पक्षाच्या एकाच वळणावरून तो मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, कारण खरी गडबड इथे आहे.

छोट्या पक्षाशी मोठे पक्ष बोलणी का करतात? जोव्हान्नी सार्तोरी या इटालियन अभ्यासकाने १९७६च्या ‘पार्टीज अँड पार्टी सिस्टिम्स’ या पुस्तकात उत्तर दिलंय. पक्ष दखल घेण्याजोगा आहे का, हे त्याच्या जागांवरून ठरवू नका. दोन गोष्टी पाहा : सरकार बनवायला तो लागतो का, आणि तो असल्यामुळे बाकीच्यांना आपली चाल बदलावी लागते का? दुसऱ्या गोष्टीला त्याने ‘ब्लॅकमेल पोटेन्शियल’ म्हटलं. आपल्याकडे त्यासाठी झकास शब्द आहे, उपद्रवमूल्य. आणि मनसेचं उपद्रवमूल्य सिद्ध करायला सगळे एकच वाक्य वापरतात : २००९मध्ये मनसेने मतं खाल्ली, म्हणून मुंबईत युतीच्या सहाही जागा गेल्या.

हे वाक्य तपासायला फक्त बेरीज-वजाबाकी लागते. २००९च्या लोकसभेला मुंबईतल्या सहा जागा काँग्रेस-राष्ट्रवादीने जिंकल्या, हे खरं. प्रत्येक जागी मनसेला एक लाखाहून जास्त मतं होती, हेही खरं. पण ‘म्हणून’ हा शब्द एका कल्पित जगाबद्दल बोलतो, जिथे मनसेचा उमेदवार नाही. त्या जगात मनसेचे मतदार काय करतील? काही युतीला देतील, काही काँग्रेसला, काही घरीच बसतील. युतीला जिंकायचं तर युतीकडे गेलेले वजा काँग्रेसकडे गेलेले, ही निव्वळ संख्या विजयाच्या फरकापेक्षा जास्त हवी. एवढंच.

ईशान्य मुंबईत संजय दीना पाटील यांनी किरीट सोमय्यांना २,९३३ मतांनी हरवलं. मनसेच्या शिशिर शिंदे यांना सुमारे १ लाख ९५ हजार मतं. म्हणजे मनसेच्या दर शंभर मतदारांमागे निव्वळ दीड-दोन जण युतीकडे वळले असते तरी निकाल फिरला असता. उत्तर मुंबईत संजय निरुपम यांचा राम नाईकांवरचा विजय ५,७७९ मतांचा, मनसेला सुमारे १ लाख ४७ हजार. तिथे शंभरामागे चार पुरेत. या दोन जागांबद्दल ‘मतं खाल्ली’ म्हणायला मी तयार आहे.

वायव्य मुंबईत मात्र गुरुदास कामत गजानन कीर्तिकरांच्या सुमारे ३८ हजारांनी पुढे होते. मनसेची मतं सुमारे १ लाख २४ हजार, म्हणजे शंभरामागे निव्वळ ३१ हवेत. शक्य आहे, पण आता गृहीतक जरा दमदार लागतं. दक्षिण-मध्यला हाच आकडा ७० होतो. दक्षिण मुंबईत तर मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे होते आणि शिवसेनेचे मोहन रावले तिसरे. रावले जिंकायला मनसेच्या शंभरातले निव्वळ ७९ लागले असते. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने तिसऱ्याची मतं खाल्ली असं म्हणायचं, की तिसऱ्याने दुसऱ्याची? आणि उत्तर-मध्यला प्रिया दत्त यांचा विजय पावणेदोन लाखांच्या घरातला, तर मनसेची एकूण मतंच सुमारे १ लाख ३२ हजार. तिथे मनसेचा एकूण एक मतदार युतीकडे गेला असता तरी निकाल तोच!

म्हणजे ‘सहाही जागा मनसेमुळे गेल्या’ या एका वाक्यात सहा वेगवेगळी गृहीतकं आहेत : दोन अगदी माफक, एक बऱ्यापैकी, दोन धाडसी आणि एक अशक्य. वाचताना ती एकसारखीच वाटतात. आणि आणखी एक गोष्ट, जी तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत. २००४मध्ये मनसे जन्मालाच आलेली नव्हती. तेव्हा मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या, शिवसेनेकडे फक्त रावलेंची एक. मनसेशिवायचं जग आपल्यासमोर होतं, आणि त्यातही युती हरलेलीच होती. अर्थात २००९च्या आधी मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यामुळे ही तुलना सरळ करता येत नाही. पण मग ‘मनसेमुळे’ म्हणतानाही पुनर्रचना वजा करायला हवी ना?

पंधरा वर्षं पुढे येऊ. २०२४च्या विधानसभेला मनसेला एकही जागा नाही, मतं सुमारे दीड टक्का. २००९च्या विधानसभेला हेच आकडे १३ जागा आणि सुमारे ५.७ टक्के होते. तरी मतं खाण्याची चर्चा तीच. वरळीत आदित्य ठाकरे यांनी शिंदेंच्या शिवसेनेच्या मिलिंद देवरांना ८,८०१ मतांनी हरवलं, मनसेच्या संदीप देशपांडे यांना १९,३६७ मतं. माहीममध्ये महेश सावंत यांनी सदा सरवणकरांना १,३१६ मतांनी हरवलं, अमित ठाकरे यांना ३३,०६२. निकालानंतरचं वाचन असं : मनसेने महायुतीची मतं खाल्ली, उद्धव ठाकरेंच्या दोन जागा वाचल्या.

आता हेच आकडे घेऊन युतीनंतर काय चाललं होतं बघा. दोन भाऊ एकत्र आले, म्हणजे माहीममध्ये ५०,२१३ अधिक ३३,०६२. वरळीत ६३,३२४ अधिक १९,३६७. किल्ला अभेद्य!

दोन्ही वाचनं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. वरळीची १९ हजार मतं मनसे नसताना महायुतीकडे गेली असती, आणि तीही शंभरामागे निव्वळ ४५ पेक्षा जास्त, तर ती आज उद्धव ठाकरेंच्या खात्यात जमा कशी करता? आणि ती स्वभावतःच उद्धव ठाकरेंची असतील, तर २०२४मध्ये मनसेने आदित्य यांची मतं खाल्ली असं म्हणायला हवं, उलट नव्हे. तिसरी शक्यताही आहे : नेत्याने सांगितलं की मतदार सांगेल तिकडे जातो. पण मग एप्रिल २०२४च्या बिनशर्त पाठिंब्यानंतर या मतदारांची सवय कुठल्या बाजूला झाली होती, याचंही उत्तर द्यावं लागेल. २००९ला वजाबाकी आणि आता बेरीज करणारे दोघंही एकच गोष्ट धरून चालतात : मतं पक्षाच्या खिशातली नाणी आहेत, या खिशातून त्या खिशात टाकता येतात. मतदार नावाचा माणूस या हिशेबात कुठेच नाही.

‘मग सर्व्हे बघूया’ असं कुणीतरी म्हणेल. लोकनीती-सीएसडीएसचे मतदानोत्तर सर्व्हे चांगले असतात, जरूर बघा. पण तीन हजारांच्या नमुन्यात दीड टक्का म्हणजे ४५ माणसं. ४५ माणसांच्या दुसऱ्या पसंतीची टक्केवारी काढलीत तर दोन्ही बाजूंना सुमारे १५ टक्क्यांची चूक धरून चाला. छोट्या पक्षांवर लिहिताना हा सापळा कायमचा आहे. बूथनिहाय मतं (फॉर्म २०) सार्वजनिक असतात, ती जास्त उपयोगी. मात्र बूथ म्हणजे मतदार नव्हे. ज्या बूथवर मनसे घटली आणि दुसरा कुणी वाढला, तिथे तीच माणसं तिकडे गेली असं सिद्ध होत नाही. रॉबिन्सनने १९५०मध्येच याबद्दल बजावून ठेवलंय, तो निबंध वाचल्याशिवाय बूथच्या आकड्यांना हात लावू नका.

राहिला दुसरा प्रश्न, उभं कुठे राहायचं हा. थोडक्यात सांगते, कारण यात गुंतागुंत कमी आणि गंमत जास्त आहे. २०१२च्या महापालिका निवडणुकांनंतर मुंबईत मनसेचे २८ नगरसेवक शिवसेनेसमोर विरोधात बसले. ठाण्यात मनसेने महापौरपदासाठी शिवसेनेला पाठिंबा दिला. नाशिकमध्ये १२२ पैकी ४० जागा घेऊन भाजपच्या मदतीने स्वतःचा महापौर केला, आणि अडीच वर्षांनी त्याच नाशिकमध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या मदतीने दुसरा. मुंबईत उभं राहून बघणाऱ्याला त्या वर्षी शिवसेनेचा कट्टर शत्रू दिसतो, खाडी ओलांडली की मित्र. पक्ष बदलला की तुम्ही दुर्बीण हलवलीत?

विधानसभेच्या आतही वेगळंच दिसतं. उद्धव ठाकरे सरकारच्या ३० नोव्हेंबर २०१९च्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी मनसेचा एकुलता एक आमदार तटस्थ राहिला. तटस्थ चारच होते : एमआयएमचे दोन, माकपचा एक आणि हा. जुलै २०२२मध्ये त्याच आमदाराने शिंदे सरकारच्या बाजूने मत दिलं. सभागृहातलं मतदान हा भाषणापेक्षा कोरडा आणि म्हणून जास्त भरवशाचा पुरावा. तरी सिनॉप्सिसमध्ये भाषणांचे उतारे चाळीस पानं आणि सभागृहातलं मतदान अर्धं पान, हे प्रमाण मला आजवर समजलेलं नाही. भाषणं यूट्यूबवर मिळतात, एवढंच कारण असावं.

मुंबई महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ला झालं. असा मोका संशोधकाला वारंवार मिळत नाही, कारण मित्र बदलला होता. म्हणून एक काम करा. वरळी आणि माहीमच्या हद्दीतले प्रभाग घ्या. जिथे उद्धव ठाकरेंच्या पक्षाचा उमेदवार होता ते एका बाजूला, जिथे मनसेचा होता ते दुसऱ्या बाजूला. २०२४मधली दोन्ही पक्षांची मतं त्या हद्दीतल्या बूथवरून मोजा, त्यांची टक्केवारी काढा (कच्चे आकडे नको, विधानसभेला आणि महापालिकेला मतदान सारखं होत नाही) आणि ‘बेरीज’ खरी असेल तर किती टक्के यायला हवेत ते लिहून ठेवा. माझा अंदाज असा की बेरीज दोन्ही बाजूंना पूर्ण झालेली नसेल. आणि जिथे मनसेचा उमेदवार होता तिथे ती जास्त तुटलेली असेल, कारण मोठ्या पक्षाच्या मतदाराला अनोळखी चिन्हावर बोट ठेवायला जास्त जड जातं. हा अंदाज खोटा कधी ठरेल तेही सांगते : दोन्ही प्रकारच्या प्रभागांत तूट सारखीच निघाली, किंवा मनसेच्या प्रभागांत कमी निघाली, तर.

कागदावर तारीख टाका आणि गाइडला मेल करून ठेवा. आकडे उघडून बघितल्यानंतर लिहिलेला अंदाज कुणी घेणार नाही.